मेसचं बिल शून्य!

उलव्याच्या फ्लॅटवर आम्ही दोघांनी होस्टेलच्या मेस बिलाचा प्रोग्राम रूबीत लिहिला. रन केला, तर सगळ्यांचं बिल शून्य! (पब्लिक खूश.) रात्री दोनला चूक सापडली. एकाच व्हेरिएबलच्या नावात मी ‘बिल’चा बी कॅपिटल केला होता, पार्टनरने अंडरस्कोर टाकला होता. शाळेत दिन-दीनवरून माझे मार्क जायचे, तसंच हे. ‘ॲट’ चिन्हाने सुरू होणाऱ्या नावाला किंमतच दिली नसेल, तर रूबी एरर देत नाही, गुपचूप ‘निल’ देते. पूर्णांकात बदललं की त्याचं शून्य. म्हणून रूबीवाले व्हेरिएबल, मेथडला स्मॉल अक्षरं नि अंडरस्कोर, इंडेंटला दोन स्पेस हे कटाक्षाने पाळतात. आता आम्ही सबमिशनआधी रूबोकॉप चालवतो. पहिल्या दिवशी माझ्याच चुका जास्त निघाल्या.