‘पाठवा’ दाबल्यावर मेल उघडी जाते की बंद?

रायपूरच्या बूढापाऱ्यातल्या एखाद्या करसल्लागाराला नागपूरच्या अशिलाकडे ताळेबंद पाठवायचा आहे, असं समजू. कार्यालयाचा स्वतःचा मेल सर्व्हर आहे. ब्राउझरमधला पत्ता ‘एचटीटीपीएस’ने सुरू होतो, पासवर्ड टाकला जातो, ‘पाठवा’ दाबलं की काम झालं. पाठवणारा निर्धास्त. पण ही सुरक्षितता त्याच्या संगणकापासून कार्यालयाच्या सर्व्हरपर्यंतच असते. तिथून अशिलाच्या सर्व्हरपर्यंत ताळेबंद कूटबद्ध होऊन जाणार की कुणालाही वाचता येईल असा उघडा, हे बरंचसं सर्व्हर सांभाळणाऱ्याने एका ओळीत काय लिहून ठेवलंय त्यावर ठरतं.

सर्व्हर एकमेकांशी ज्या नियमांनी बोलतात ते म्हणजे एसएमटीपी. जॉन पोस्टेल यांनी ते ऑगस्ट १९८२ मध्ये लिहिले, तेव्हा जाळं विद्यापीठं आणि संशोधन संस्थांपुरतं होतं. आपल्याकडेही १९८६ मध्ये सुरू झालेल्या अर्नेट प्रकल्पात जुहूची एनसीएसटी, आयआयटी अशा मोजक्याच संस्था होत्या. मधल्या तारेवर कुणी कान लावून बसेल, याचा विचार त्या नियमांत नव्हता. १५ ऑगस्ट १९९५ रोजी व्हीएसएनएलने इंटरनेट सर्वसामान्यांना खुलं केलं, तेव्हाही मेल उघडीच धावत होती. कूटबद्ध जोडणीची ‘स्टार्टटीएलएस’ ही सोय जानेवारी १९९९ मध्ये आली, तीही जुन्या नियमांवरचं ठिगळ म्हणून.

तिचं काम असं चालतं. पाठवणारा सर्व्हर समोरच्याच्या २५ क्रमांकाच्या पोर्टवर जातो. समोरून ‘२२०’ येतं, म्हणजे बोला. हा ‘ईएचएलओ’ म्हणून आपलं नाव सांगतो. समोरचा आपल्याला काय काय जमतं त्याची यादी देतो. यादीत ‘स्टार्टटीएलएस’ असेल तर हाही तोच शब्द पाठवतो, पुन्हा ‘२२०’ येतं, दोघं किल्ल्या ठरवतात आणि ओळख पहिल्यापासून सांगितली जाते, या वेळी कूटबद्ध.

आणि यादीत तो शब्द नसेल तर? मेल तशीच उघडी जाते. पाठवणाऱ्याला कुणी काही कळवत नाही.

वीत्से व्हेनेमा यांनी आयबीएममध्ये असताना लिहिलेलं पोस्टफिक्स हे मेल सर्व्हरचं फुकट मिळणारं, जगभर वापरलं जाणारं सॉफ्टवेअर. त्यात ‘एसएमटीपीडी’ने सुरू होणाऱ्या सूचना येणाऱ्या जोडण्यांसाठी असतात आणि नुसत्या ‘एसएमटीपी’ने सुरू होणाऱ्या जाणाऱ्या मेलसाठी. गफलत होते ती इथेच. लेट्स एन्क्रिप्टचं फुकट प्रमाणपत्र आणून पहिल्या प्रकारच्या सूचनांत बसवलं की सगळं झालं असं वाटतं, आणि जाणाऱ्या मेलची ‘टीएलएस सिक्युरिटी लेव्हल’ कोरीच राहते. खरं तर त्या बाजूला स्वतःचं प्रमाणपत्र लागतही नाही. ‘मे’ एवढं लिहिलं तरी भागतं. याचा अर्थ, समोरच्याला जमत असेल तर कूटबद्ध पाठव, नाही तर साधी पाठव.

मग सरळ ‘एन्क्रिप्ट’ लिहून सक्तीच का करू नये? कारण ज्या जुनाट सर्व्हरला हे जमत नाही, त्याची मेल रांगेत अडकते. पोस्टफिक्स मुळात पाच दिवस प्रयत्न करतं, मग मेल परत येते. म्हणून सगळ्यांसाठी ‘मे’ आणि बँक, रुग्णालय अशा निवडक पत्त्यांसाठी सक्ती, अशी वेगळी यादी ठेवतात.

सक्ती हवीच अशी जागा मात्र एक आहे. अनेक इंटरनेट कंपन्या २५ क्रमांकाचं पोर्ट बंद ठेवतात, त्यामुळे छोटी कार्यालयं आपली मेल एखाद्या मोठ्या सेवेमार्फत ५८७ क्रमांकावरून पुढे धाडतात. तिथे लॉगिन करावं लागतं. पासवर्ड बहुधा बेस-६४ रूपात जातो. ते दिसायला अगम्य असलं तरी कुणीही क्षणात उलगडू शकतो. ही जोडणी उघडी राहिली तर एक पत्र नव्हे, अख्खं खातं हातचं जातं.

‘मे’मध्ये दुसरीही मेख आहे. स्टार्टटीएलएसचं आमंत्रण स्वतः उघड्यावर येतं, त्यामुळे वाटेतलं एखादं उपकरण त्या शब्दाच्या जागी फुल्या मारू शकतं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ट्युनिशियातून जीमेलला येणाऱ्या मेलपैकी सुमारे ९६ टक्के मेल अशा प्रकारे उघड्या झालेल्या आढळल्या. त्यावर उपाय म्हणून २०१८ मध्ये ‘एमटीए-एसटीएस’ आलं. यात मेल घेणारं डोमेन आधीच जाहीर करतं की आमच्याकडे कूटबद्ध जोडणीनेच या. पाठवणाऱ्या सर्व्हरने ती घोषणा वाचायला हवी, एवढंच.

फेब्रुवारी २०१६ पासून जीमेल कूटबद्ध न जाणाऱ्या मेलवर लाल, उघडं कुलूप दाखवू लागलं आणि ही आतली गोष्ट ग्राहकांच्या नजरेस पडली. आजही जीमेलमध्ये संगणकावर मेल उघडून पाठवणाऱ्याच्या नावाखालचा छोटा बाण दाबला की सुरक्षेची ओळ दिसते. पोस्टफिक्सच्या नोंदवहीतही शोधता येतं, फक्त ‘लॉगलेव्हल’ एकवर हवी. तिथे ‘अनट्रस्टेड’ शब्द दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही. मेल कूटबद्धच गेलेली असते, समोरच्या प्रमाणपत्राची खातरजमा तेवढी झालेली नसते. टीएलएसची नोंदच नसेल, तर ताळेबंद उघडा गेला. आणि नोंद असली तरी ती वाटेपुरती. दोन्ही सर्व्हरवर पोचल्यावर तो ताळेबंद तिथल्या व्यवस्थापकांना वाचता येतोच.