हिमरू शाल आणि विस्तारनळी

दुरून डोंगर साजरे, ही म्हण सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु कांहीं वस्तु अशाही असतात कीं, त्यांचें खरें सौंदर्य अगदीं जवळ गेल्यावांचून दिसतच नाहीं. आमच्या छत्रपती संभाजीनगरचें, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादचें, हिमरू कापड त्यांपैकींच एक होय. मुहम्मद तुघलकानें १३२७ सालीं आपली राजधानी दिल्लीहून दौलताबादेस आणली, तेव्हांपासून ही कला या भागांत रुजली, असें परंपरा सांगते.

शहागंजांतील आमच्या घरीं मातोश्रींची एक हिमरू शाल आहे. सुताचा ताणा आणि रेशमाचा बाणा अशी तिची घडण. आतां रेशीम जागोजाग झिजून खालचें सूत उघडें पडलें आहे. नातीच्या लग्नांत तीच बुट्टी असलेली नवी शाल असावी, अशी सूनबाईंची इच्छा होती. जाणत्या विणकरास विचारतां तो म्हणाला, “गुरुजी, एक तर धागे मोजतां येतील असें चित्र आणा, नाहीं तर शालीचा एक कोपरा उसवूं द्या.” उसवण्याची गोष्ट घरांत कोणाच्याच गळीं उतरेना. म्हणून चिरंजीवांचा कॅमेरा पुढें आला आणि त्याबरोबर विस्तारनळीचा, म्हणजे एक्स्टेन्शन ट्यूबचा, प्रश्नही आला.

ही नळी म्हणजे कॅमेरा आणि भिंग यांच्यामध्यें बसवावयाचें एक पोकळ कडें. तिच्यांत कांच नसते. शाळेंत मेणबत्ती, भिंग व पडदा यांचा प्रयोग वाचकांनीं केला असेलच. मेणबत्ती भिंगाजवळ आणली कीं पडदा मागें सरकवावा लागतो, तेव्हांच प्रतिमा रेखीव होते. नळी हेंच काम करते: भिंग पुढें ढकलून जवळची वस्तु रेखीव आणि मोठी दाखविते. मात्र ती बसविली असतां दूरचें दृश्य टिपतां येत नाहीं.

नळी घेतांना दुकानदारास “सर्वांत लांब कोणती?” असें विचारूं नये. आधीं घरीं वस्तु मोजावी. नळीची लांबी भिंगाच्या नाभीय अंतरानें भागली असतां प्रतिमा मूळ वस्तूच्या किती पट पडेल, तें कळतें. बाजारांत १२, २० व ३६ मिलिमीटरच्या तीन नळ्यांचा संच पुष्कळदां मिळतो. आमचें भिंग ५० मिलिमीटरचें आणि कॅमेऱ्यांतील संवेदक ३६ मिलिमीटर रुंद. २० ची नळी लाविली कीं प्रतिमा दोन-पंचमांश पडते व ९० मिलिमीटर रुंदीचें कापड चित्रांत मावतें. आमची संपूर्ण बुट्टी त्यांत आली. १२ व ३६ च्या नळ्या जोडल्या कीं प्रतिमा जवळजवळ वस्तूएवढीच होते आणि एकेक धागा वेगळा दिसतो. स्थूलारुंधतीन्यायानें प्रथम बुट्टी व नंतर धागे, असा क्रम आम्हीं ठेविला.

भिंगाची निवडही महत्त्वाची आहे. २४ मिलिमीटरच्या भिंगास लांब नळी लाविली तर वस्तु भिंगास जवळजवळ टेकते आणि प्रकाशास वाटच उरत नाहीं. १०० मिलिमीटरच्या भिंगानें अंतर ऐसपैस मिळतें, पण तेवढ्याच मोठ्या प्रतिमेसाठीं नळी दुप्पट लागते. घरगुती कामास ५० चें भिंग पुरेसें आहे.

आतां आमची चूक सांगतों. पैसे वांचविण्याच्या मोहानें आम्हीं प्रथम विद्युत्-संपर्काचे बिंदु नसलेली स्वस्त नळी घेतली. हल्लींच्या बहुतेक भिंगांचें छिद्र कॅमेऱ्याच्या आज्ञेनें लहानमोठें होतें. तो मार्गच तुटला तर कांहीं भिंगांत तें सताड उघडें राहतें व कांहींत अगदीं मिटून जातें. आमचें उघडें राहिलें. चार धागे स्पष्ट आणि बाकी सारें धुकें! छिद्राचें कडें भिंगावरच असलेल्या जुन्या भिंगास ही नळी चालते. नव्यास संपर्कबिंदु असलेलीच घ्यावी. तसेंच तिचीं बसकणें धातूचीं असावींत, म्हणजे भिंगाचें वजन त्या सहज पेलतात.

प्रतिमा वस्तूएवढी झाली कीं संवेदकावर प्रकाश चौथाईच पोंचतो. म्हणून वेळ चौपट द्यावा लागतो आणि तिपाईवांचून गत्यंतर नाहीं. शाल कॅमेऱ्याशीं समांतर ताणून, खिडकीचा प्रकाश बाजूनें येऊं देऊन व छिद्र आठवर ठेवून आम्हीं सुलट व उलट अशा दोन्ही बाजू टिपल्या.

विणकरानें त्या चित्रांवरून धागे मोजले आणि नमुन्याचा हातभर तुकडा विणून दिला. बुट्टी हुबेहूब साधली. रंग मात्र चित्रांत पुरता उतरला नव्हता, त्यासाठीं मूळ शालच घेऊन आम्हांस मागापाशीं जावें लागलें. घरोघर अशीं जुनीं वस्त्रें, नाणीं व पोथ्या असतील. तीं जीर्ण होऊन हातीं येईनाशीं होण्यापूर्वीं एका रविवारीं मोजपट्टी घेऊन बसावें, अशी वाचकांस आमची विनंती आहे. मातोश्रींची शाल आतां पेटींत आहे. तिचा एकही टांका उसवावा लागला नाहीं.