जुन्या मोटारीतील अनियमित दोष : निदानाची पद्धती व निवेदनाची भाषा

यंत्रातील दोषांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातील दोष सदैव उपस्थित असतो. तुटलेला पट्टा किंवा जळालेला दिवा पाहताक्षणी ओळखू येतो. तो दाखविण्यास मालकाला शब्दांची फारशी गरज भासत नाही. दुसऱ्या वर्गातील दोष कधी प्रकट होतो, कधी लुप्त होतो. मोटार रस्त्यात बंद पडते, अर्ध्या तासाने काही न करता सुरू होते आणि मिस्त्रीच्या दारात नेऊन उभी केली म्हणजे तिच्यात काहीच वावगे आढळत नाही. अशा वेळी मिस्त्रीपुढे प्रत्यक्ष दोष नसतो, त्याचे केवळ निवेदन असते. त्यामुळे अनियमित दोषाचे निदान हा प्रश्न जितका यंत्रशास्त्राचा, तितकाच भाषेचाही ठरतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार एका सुपरिचित गाडीच्या आधारे केला आहे.

१. उदाहरणाची निवड

ही गाडी म्हणजे प्रीमिअर पद्मिनी. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ या नावाने ती तयार होऊ लागली. ‘पद्मिनी’ हे नाव तिला पुढील दशकात मिळाले. या शतकाच्या आरंभी तिचे उत्पादन थांबले. टॅक्सीसाठी असलेल्या वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये ती मुंबईच्या टॅक्सीसेवेतूनही निवृत्त झाली. आज ती प्रामुख्याने हौशी मालकांकडे पाहावयास मिळते.

तिचे इंजिन चार सिलिंडरांचे व १०८९ घन सेंटिमीटर क्षमतेचे आहे. त्यास पेट्रोल कार्बोरेटरमधून मिळते आणि ठिणगी पॉइंट, कंडेन्सर व कॉइल यांच्या योजनेतून मिळते. आधुनिक गाडीत दोष घडताच संगणक त्याची खूण नोंदवून ठेवतो व कारागीर ती नंतर वाचू शकतो. पद्मिनीत अशी सोय नाही. तिच्या दोषाची नोंद असलीच तर ती चालकाच्या स्मरणात असते, व तेथून ती शब्दांवाटे बाहेर येते.

विचारासाठी पुढील प्रकार घेऊ. गाडी सकाळी सहज सुरू होते. तासभर चालल्यावर, विशेषतः उन्हाळ्यात बोरघाट चढताना, ती आचके देऊ लागते व बंद पडते. वीस-पंचवीस मिनिटांनी ती पुन्हा सुरू होते. कारखान्यात तपासणीच्या वेळी मात्र इंजिन संथपणे, एका लयीत चालत राहते. घाटाच्या वळणावर, मागून अवजड वाहने येत असताना अशी गाडी थांबणे हा जिवाशी खेळ आहे; म्हणून हा दोष क्षुल्लक मानता येत नाही.

२. ठिणगीचा पक्ष

बॅटरीचा दाब १२ व्होल्ट असतो. प्लगच्या टोकांमधील फट ओलांडून ठिणगी पडण्यास तो हजारो व्होल्टपर्यंत चढवावा लागतो. कॉइलच्या पहिल्या वेढ्यातून वाहणारा प्रवाह पॉइंट उघडताच एकाएकी तुटतो आणि त्या तुटण्यामुळे दुसऱ्या, बारीक तारेच्या वेढ्यात उच्च दाब उत्पन्न होतो. पॉइंटच्या तोंडाशीच ठिणगी पडून हा प्रवाह रेंगाळू नये, यासाठी कंडेन्सर असतो. चार सिलिंडरांच्या या इंजिनात प्रत्येक फेऱ्यास दोन ठिणग्या लागतात. मिनिटास ३,००० फेरे होत असतील तर मिनिटास ६,००० म्हणजे सेकंदास १०० ठिणग्या पडल्या पाहिजेत. एवढ्या संख्येतील थोड्या जरी हुकल्या तरी चालकास आचका जाणवतो.

कॉइलमधील तारेस सूक्ष्म तडा गेला असेल अथवा तिचे वेष्टन दुबळे झाले असेल, तर थंड स्थितीत ती निर्दोष वाटते. तापल्यावर धातू प्रसरण पावतो, तडा रुंदावतो व प्रवाह खंडित होतो; निवल्यावर तुटलेली टोके पुन्हा जुळतात. कंडेन्सरचेही असेच होऊ शकते.

घाटाचा संबंध मात्र केवळ उष्णतेपुरता नाही. वायूमधील फट ओलांडून ठिणगी पडण्यास किती दाब लागतो हे फटीची रुंदी आणि वायूचा दाब यांच्या गुणाकारावर अवलंबून असते, हे फ्रीड्रिख पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ मध्ये दाखविले. चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमध्ये अधिक मिश्रण शिरते, दाबले जाताना त्याचा दाब वाढतो व ठिणगीस अधिक व्होल्ट लागतात. उभ्या गाडीत संथ चालणाऱ्या इंजिनास जी दुबळी कॉइल पुरते, तीच घाटात अपुरी पडते. कारखान्यात दोष का दिसत नाही याचे उत्तर यात आहे. तेथे इंजिनावर भारच नसतो.

३. पेट्रोलचा पक्ष

पद्मिनीची टाकी मागे व पेट्रोल ओढणारा पंप पुढे इंजिनावर बसविलेला असतो. टाकी ते पंप या मार्गात ओढीमुळे दाब वातावरणापेक्षा कमी असतो आणि दाब कमी झाला की द्रव कमी उष्णतेवर उकळतो. पेट्रोल हे अनेक द्रव्यांचे मिश्रण आहे. त्यातील हलकी द्रव्ये वातावरणाच्या दाबाखालीही सुमारे ३५ ते ४० अंश सेल्सिअसला उकळू लागतात. पंप तापला म्हणजे नळीत वाफेचे बुडबुडे होतात. पंप द्रव ओढू शकतो, परंतु वाफ केवळ आकुंचन-प्रसरण पावत जागीच राहते. कारागीर यास ‘एअर लॉक’ म्हणतात. वस्तुतः तेथे हवा नसून पेट्रोलचीच वाफ असते.

गाडी चहापाण्यास थांबवून पुन्हा सुरू करताना हा दोष विशेष उद्भवतो. इंजिन थांबले की पंखा व पाण्याचे अभिसरण दोन्ही थांबतात आणि तापलेल्या ओतीव लोखंडाची उष्णता भोवतालच्या भागांत पसरते. त्यामुळे थांबल्यावर काही काळ पंप निवण्याऐवजी अधिकच तापतो.

याच पक्षात आणखी दोन कारणे येतात. टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र बुजले असेल, तर पेट्रोल कमी होईल तशी टाकीत पोकळी निर्माण होते व पंपाची ओढ निष्फळ ठरते. तसेच टाकीतील गंज व गाळ चालत्या गाडीत नळीच्या तोंडाशी ओढला जाऊन ते बंद करतो आणि इंजिन थांबताच खाली बसतो. काही वेळाने गाडी निमूटपणे सुरू होते. २०२५ पर्यंत देशात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर नेण्यात आले. इथेनॉलने जुन्या टाकीत साचलेला मळ सुटतो व जुन्या प्रकारचे रबर फुगते किंवा मऊ पडते. म्हणून जुन्या गाडीत या शक्यतेकडे आता अधिक लक्ष द्यावे लागते.

४. दोन पक्षांतील भेद

दोन्ही पक्षांत चालकाचे विधान एकच असते : ‘गरम झाली की बंद पडते.’ तथापि बंद पडण्याची रीत भिन्न असते. ठिणगी तुटली असता इंजिन बहुधा कळ दाबून दिवा मालवावा तसे एकाएकी थांबते. पेट्रोल तुटले असता कार्बोरेटरच्या कोठीतील उरलेले पेट्रोल संपेपर्यंत ते धडपडत राहते, ओढ कमी होते, मग थांबते. ‘कशी बंद पडली?’ हा एक प्रश्न निम्मे निदान करतो.

उरलेले निदान दोष प्रत्यक्ष घडत असतानाच करावे लागते. गाडी रस्त्याच्या कडेस सुरक्षित घ्यावी. प्रथम टाकीचे झाकण उघडावे. हवा आत शिरल्याचा आवाज होऊन गाडी लगेच सुरू झाली, तर झाकणावर संशय धरावा. झाकण पुन्हा बंद करून जवळ एक जादा प्लग तारेस जोडावा, त्याची बाजू इंजिनाच्या उघड्या धातूस टेकवावी, निरोधक मुठीच्या पक्कडीने धरावा व सहाय्यकाकरवी स्टार्टर फिरवावा. निळी, कडकडीत ठिणगी पडत असेल तर पेट्रोलच्या मार्गाकडे वळावे. पिवळट, क्षीण ठिणगी पडत असेल अथवा मुळीच पडत नसेल तर कॉइल, पॉइंट व कंडेन्सर यांकडे. पेट्रोल सांडलेले असताना अथवा कार्बोरेटर उघडा असताना ही परीक्षा कदापि करू नये.

पंपावर ओला फडका टाकण्याची चालकांची जुनी रीत सर्वश्रुत आहे. तिच्याकडे उपचार म्हणून न पाहता प्रयोग म्हणून पाहिले, तर तिचे मूल्य वाढते. अर्धा तास थांबल्याने कॉइल, पंप, नळी असे सर्वच भाग निवतात. म्हणून त्यानंतर गाडी सुरू झाली यावरून काहीच निष्पन्न होत नाही. गाडी बंद पडताच केवळ पंप थंड केला आणि पाच मिनिटांच्या आत ती सुरू झाली, तर मात्र पंपाकडे बोट दाखविता येते. एक भाग बदलून बाकी सर्व स्थिती तीच ठेवणे, हीच या तर्कपद्धतीची मूळ अट आहे. जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ च्या आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात तिला व्यतिरेकाच्या पद्धतीचे स्थान दिले आहे.

पावसाळ्यातील दोषाचा क्रम याच्या उलट असतो. दमट सकाळी डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवर व प्लगच्या तारांवर ओल धरते, उच्च दाबाचा प्रवाह पृष्ठभागावरून निसटतो आणि गाडी सुरू होत नाही. इंजिन तापून ओल वाळली की दोष नाहीसा होतो. अंधारात बॉनेट उघडून पाहिल्यास निसटत्या ठिणग्या कधीकधी डोळ्यांनाही दिसतात.

५. निवेदनाची भाषा

या विवेचनावरून एक गोष्ट स्पष्ट होते. ‘अनियमित’ म्हटलेल्या दोषास नियम असतोच. तो ज्या परिस्थितीशी बांधलेला असतो ती परिस्थिती अद्याप कळलेली नसते, इतकेच. वर्णविचारात हीच दृष्टी परिचित आहे. ‘माझा’ या शब्दातील झ दंततालव्य, तर ‘माझी’ या शब्दातील झ तालव्य उच्चारला जातो. नुसता झ पाहणाऱ्यास हा भेद लहरी वाटेल; त्यापुढील स्वर पाहणाऱ्यास तेथे नियम दिसतो. मोटारीच्या दोषाचाही परिसर पाहावा लागतो.

हा परिसर चालकाच्या वाक्यात पुष्कळदा गळून जातो. त्याचे एक कारण व्याकरणात आहे. मराठीतील साधा वर्तमानकाळ नित्यत्वही दर्शवितो. ‘गाडी चढावर बंद पडते’ या वाक्यात दोनदा घडलेली घटना नियमाच्या रूपाने मांडली जाते. याउलट ‘गाडी मंगळवारी खंडाळ्याच्या चढावर, तासाभराच्या प्रवासानंतर बंद पडली’ हे भूतकाळी वाक्य केवळ एक घटना सांगते. परंतु अशी चार वाक्ये एकत्र आली म्हणजे खरा नियम त्यांतून काढता येतो. दुसरी अडचण अशी की, निरीक्षण व अनुमान यांची सरमिसळ होते. ‘पेट्रोल येत नाही’ हे अनुमान आहे. ‘ओढ कमी होत होत थांबली’ हे निरीक्षण आहे. अनुमान सांगितले गेले की मिस्त्री पंप उघडतो, आणि कॉइल तशीच राहते.

कारखान्यातील शब्दसंग्रह या कामी उपयुक्त आहे, मात्र त्याचा अर्थ दोघांनाही समान हवा. ‘मिसिंग’ हे इंग्रजी कृदंत मराठीत नाम झाले असून ‘गाडी मिसिंग मारते’ म्हणजे एखादा सिलिंडर अधूनमधून पेट घेत नाही. ‘पिकअप नाही’ म्हणजे पेट घेऊनही ओढ कमी. पेट्रोलच्या पंपास ‘एसी पंप’ म्हणतात. हे एका परदेशी उत्पादकाच्या मुद्रेवरून रूढ झालेले नाव असून त्याचा वातानुकूलनाशी काही संबंध नाही. नव्या मालकाचा येथे हमखास गोंधळ होतो.

म्हणून गाडीत एक वही ठेवणे इष्ट. तीत दिनांक, हवा, इंजिन चालल्याचा अवधी, सपाटी की चढ, टाकीतील पेट्रोल, बंद पडण्याची रीत व पुन्हा सुरू होण्यास लागलेला वेळ, इतक्याच गोष्टी प्रत्येक वेळी लिहाव्यात. कारणाविषयीचे मत त्यात लिहू नये.

६. दुरुस्तीची सिद्धता

दोष सापडेना म्हणून कॉइल, कंडेन्सर, पॉइंट व पंप एकदमच बदलण्याचा प्रघात आहे. याने दोष गेला तरी कारण अज्ञातच राहते आणि तीन चांगले भाग टाकून दिले जातात. पद्मिनीसारख्या गाडीचे मूळ भाग आता सहज मिळत नाहीत व नवे मिळणारे सारख्या प्रतीचे असतातच असे नाही; त्यामुळे निर्दोष जुना भाग जाऊन सदोष नवा येण्याचा धोका असतो. एका वेळी एकच भाग बदलावा व काढलेला भाग जपून ठेवावा.

दोष गेला हे केव्हा म्हणावे, यालाही माप आहे. दर १० खेपांत सरासरी १ वेळा, यदृच्छेने, दोष घडत असेल, तर काहीही दुरुस्त न करता सलग १० खेपा निर्वेध पार पडण्याची शक्यता १०० त सुमारे ३५ असते. ३० खेपा निर्वेध झाल्या तर ती सुमारे ४ वर येते. तात्पर्य, आठवडाभर गाडी चालली एवढ्यावरून दुरुस्तीचे श्रेय बदललेल्या भागास देणे तर्कास धरून नाही. आणि ज्या परिस्थितीत दोष घडत असे, त्याच परिस्थितीत, म्हणजे उन्हात व चढावर, या खेपा झाल्या पाहिजेत.

पद्मिनीवर हात बसलेले कारागीर दिवसेंदिवस कमी होत आहेत. त्यांचे बोटांतील कसब पुस्तकात उतरविणे अवघड आहे. परंतु गाडी उघडण्यापूर्वी ते जे प्रश्न विचारतात (‘केव्हा? कुठे? किती वेळाने? कशी?’) ते त्यांच्या ज्ञानाचा मोठा भाग असून सहज लिहून घेता येण्याजोगे आहेत. यंत्राच्या व्यवहारातील मराठीचा अभ्यास करणाऱ्यांनी शब्दांच्या याद्यांबरोबर या प्रश्नांचाही संग्रह केल्यास तो अभ्यासकास आणि गाडी चालविणाऱ्यास सारखाच उपयोगी पडेल.