बीटाची हौस आणि बगची नोंद

1995 साली अर्धवट सॉफ्टवेअर वापरून पाहायला लोकांनी पदरचे पैसे मोजले होते. विंडोज 95 बाजारात आलं 24 ऑगस्टला. त्याआधीच मायक्रोसॉफ्टने सुमारे 20 डॉलरला त्याची चाचणी आवृत्ती, म्हणजे बीटा, फ्लॉप्यांवर विकली. नोव्हेंबरात ती आपोआप बंद पडणार हे ठाऊक असूनही गिऱ्हाईक मिळालं. नवी गोष्ट इतरांआधी आपल्या हाती यावी, ही हौस तेव्हाही होती.

हौसेला शिस्त लावली ती मोझिलाने. 31 मार्च 1998 रोजी नेटस्केपने आपल्या ब्राउझरचा सोर्स कोड खुला केला, त्यावर मोझिला प्रकल्प उभा राहिला आणि त्याच वर्षी बगझिला ही बगची जाहीर नोंदवही सुरू झाली. रोज नवं बिल्ड, म्हणजे ताज्या कोडपासून बनवलेली आवृत्ती, निघायचं. ज्याला वाटेल त्याने ते उतरवून घ्यावं, हवं तसं ताणून पाहावं आणि काय बिघडलं ते लिहावं. कोडची एक ओळही न येणाऱ्यालाही इथे काम होतं: नव्या नोंदी चाळायच्या, एकाच बगच्या दोन नोंदी जोडून द्यायच्या, जुना बग ताज्या बिल्डमध्ये उरलाय का ते तपासायचं. ‘चालत नाही’ एवढ्यावर मात्र भागत नसे. कोणतं बिल्ड, काय केलं, काय व्हायला हवं होतं आणि झालं काय, हे क्रमाने मांडावं लागे. कारण जो बग प्रोग्रामरला आपल्या मशीनवर पुन्हा घडवता येत नाही, त्याची दुरुस्ती म्हणजे अंधारात तीर. अशा मेहनतीतून जून 2002 मध्ये मोझिला 1.0 आणि नोव्हेंबर 2004 मध्ये फायरफॉक्स 1.0 बाहेर पडले.

पुढे ‘बीटा’ची जरब ओसरली. 2004 साली आलेल्या जीमेलवरची ती पाटी 2009 पर्यंत हलली नाही. तोवर लाखो लोकांचा रोजचा पत्रव्यवहार त्यावरच चालू होता.

मग आकडे फुगले. विंडोज 10 साठी 2014 च्या शरदात मायक्रोसॉफ्टची इन्सायडर ही खुल्या चाचणीची योजना सुरू झाली आणि दोनेक आठवड्यांत 10 लाख जणांनी नावं नोंदवली. एवढे डोळे असताना काय निसटणार? निसटलं. ऑक्टोबर 2018 चं अपडेट बसवल्यावर काहींच्या फाइली पुसल्या गेल्या. डॉक्युमेंट्ससारखं फोल्डर दुसरीकडे वळवलेलं असेल, तर अपडेट जुनी जागा रिकामी समजून काढून टाकी, आत फाइली असल्या तरी. वाटप थांबवावं लागलं. ते पुन्हा सुरू झालं 13 नोव्हेंबरला. काही इन्सायडरांनी ही तक्रार आधीच नोंदवली होती. पण तिला दुजोरा देणारे थोडे, म्हणून ती ढिगात तळाशी राहिली. नंतर कंपनीने नोंदीसोबत ‘नुकसान किती गंभीर’ हे सांगायची सोय केली.

म्हणजे वीस-पंचवीस वर्षांत चाचणी करणारे वाढले, नोंदी वाचून निवडणारे त्या मानाने वाढले नाहीत. म्हणूनच आज या कामात उतरणाऱ्याने नव्या बिल्डपेक्षा आधी नोंदींचा ढीग उपसायला घ्यावा. बिल्ड बसवायचंच तर बॅकअप घेऊन आणि रोजच्या कामाच्या मशीनपासून दूर. मराठी वाचणाऱ्याची तर तिथे खास गरज आहे. ‘दऱ्या’मधला र बिघडून पडद्यावर ‘दर्या’ उमटला, तर देवनागरी न वाचणाऱ्या परीक्षकाला दोन्ही सारखेच. ती नोंद दहा हजार जण करणार नाहीत. मूठभरच करतील, आणि म्हणून ती इतकी नेमकी हवी की दुजोऱ्याची वाट पाहावी लागू नये.