चाक थांबलें कीं मजुरी थांबली
(अमेरिकेंतील मालमोटारी हांकणारांची कैफियत)

संस्कृतांत रथ हांकणाऱ्यास सारथि म्हणतात. हा शब्द ‘सरथ’, म्हणजे रथासहित असणारा, या शब्दावरून साधला आहे. रथापासून ज्याला वेगळें काढतां येत नाहीं तो सारथि. या व्युत्पत्तीचा प्रत्यय आज घ्यावयाचा असेल, तर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मोठमोठ्या मालवाहतूक कंपन्यांच्या ट्रकांवर काम करणाऱ्या चालकांकडे पहावें. ते गाडींत बसून हजारों मैल काटतात, गाडींतच जेवतात आणि आसनामागील चिंचोळ्या फळीवर गाडींतच निजतात. दोन दोन, तीन तीन आठवडे त्यांस घराचें दर्शन होत नाहीं. मात्र त्यांच्या वेतनाचा नियम मोठा चमत्कारिक आहे. चाक फिरत असेल तोंवरच चालक कामावर आहे, असें धरून त्याचा हिशेब होतो. त्याच्या बहुतेक हालअपेष्टांचें मूळ या एका नियमांत आहे, आणि तेंच वाचकांपुढें मांडण्याचा या लेखाचा हेतु आहे.

आपल्यांतील पुष्कळ कुटुंबांतील मुलें, सुना व नातवंडें आज त्या देशांत आहेत. तेथें बोटानें खूण करतांच वस्तु दाराशीं येते, याचें कौतुक ती मंडळी आपल्याला सांगतात. पण ती वस्तु तेथवर आणणारा मनुष्य कोणत्या स्थितींत राहतो, हें सहसा कोणी सांगत नाहीं. शिवाय पंजाबांतून गेलेले पुष्कळ शीख बांधव, विशेषतः कॅलिफोर्नियांत, याच धंद्यावर पोट भरतात; तेव्हां हा विषय आपल्याला अगदींच परका नव्हे.

प्रथम एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. तेथील मालवाहतूक कंपन्यांचे ढोबळ मानानें दोन वर्ग आहेत. एक फुटकळ माल गोळा करून ठरलेल्या नाक्यांमधून नेणारा; यांतील चालक पुष्कळदां रात्रीं घरीं परततो. दुसरा, एकाच गिऱ्हाइकाचा पूर्ण गाडीभर माल दूरवर नेणारा. या दुसऱ्या वर्गांतील चालकाचीच ही हकीकत आहे. त्याच्या गाडीला अठरा चाकें असतात, मागील पेटी ५३ फूट लांब असते, आणि मालासह वजन ८०,००० पौंड, म्हणजे सुमारें ३६ टन, इतकें असूं शकतें.

या चालकास बहुधा महिन्याचा पगार नसतो, कीं तासाची मजुरीहि नसते. मैलामागें अमुक सेंट असा दर असतो. मैलहि गाडींतील यंत्रानें मोजलेलेच धरतात असें नाहीं. एका गांवाहून दुसऱ्या गांवाचें जें अंतर कोष्टकांत दिलेलें असेल तेवढेच मैल पुष्कळ कंपन्या धरतात; रस्ता बंद असल्यामुळें वळसा पडला, तर तेवढें हांकणें फुकट. आतां एक साधें त्रैराशिक मांडून पाहूं. समजा, दर मैलास ६० सेंट आहे. चालक सकाळीं ६ वाजतां कामास लागला आणि ७ वाजतां माल भरण्यासाठीं वखारीच्या धक्क्याशीं हजर झाला. ‘थांबा, बोलावूं,’ असें उत्तर मिळालें, आणि माल भरून कागद हातीं पडावयास दुपारचे १२ वाजले. पुढें डिझेल, गाडीची तपासणी व जेवण यांत दोन तास गेले, आणि सहा तास हांकून ३०० मैल झाले. रात्रीं ८ वाजतां कमाई झाली १८० डॉलर. १४ तासांनीं भागिली तर तासास १३ डॉलरहि पडत नाहींत. तेंच धक्क्यावरील काम पांचांऐवजीं एका तासांत उरकलें असतें, तर दहा तास हांकून ५०० मैल झाले असते व ३०० डॉलर मिळाले असते. दिरंगाई वखारवाल्याची आणि १२० डॉलर गेले ते चालकाचे! वड्याचें तेल वांग्यावर म्हणतात तें हेंच.

दोन तासांहून अधिक खोळंबा झाल्यास गिऱ्हाइकाकडून त्याचा आकार घ्यावा, असा प्रघात आहे. परंतु तो वसूल होईल कीं नाहीं, आणि झालाच तर चालकाच्या हातीं त्यांतील किती पडेल, याचा नेम नसतो. अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या महानिरीक्षकांनीं २०१८ सालीं जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यांत पूर्ण गाडीच्या धंद्यांतील चालकांची खोळंब्यापायीं दरसाल १ अब्ज १० कोटि ते १ अब्ज ३० कोटि डॉलरांची मिळकत बुडते, असा अंदाज दिला आहे. त्याच अहवालांतील दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. धक्क्यावरील सरासरी वेळ १५ मिनिटांनीं वाढला, तर अपघातांचें अपेक्षित प्रमाण शेकडा ६.२ नें वाढतें. बुडालेला वेळ भरून काढावयाचा तो वेग वाढवूनच. आणि तसें करणाऱ्याचे डोळे सकाळपासून ताटकळून आधींच थकलेले असतात. तेव्हां ही एकट्या चालकाच्या खिशाची गोष्ट नव्हे. त्या रस्त्यानें मुलांबाळांसह जाणाऱ्या प्रत्येकाच्या जिवाची आहे.

यावर कायदा कांहींच करीत नाहीं काय, असें कोणी विचारील. कायदा आहे, आणि हेतूनें चांगलाहि आहे. दहा तास विश्रांति घेतल्यावर चालकानें अधिकांत अधिक ११ तास हांकावें, व कामास लागल्यापासून १४ तास उलटल्यावर मुळींच हांकूं नये. डिसेंबर २०१७ पासून बहुतेक गाड्यांवर ही नोंद विजेच्या यंत्रानें आपोआप होते. वहींत हवें तें लिहिण्याची सोय राहिली नाहीं. परंतु फळीवर निजून काढलेल्या विश्रांतीच्या कांहीं ठराविक सवलती सोडल्या, तर धक्क्यावर ताटकळतांनाहि या चौदा तासांचें घड्याळ चालूच राहतें. म्हणजे एकच तास कायद्याच्या वहींत कामाचा म्हणून मोजला जातो, आणि कंपनीच्या वहींत त्याला किंमत नसते!

शिवाय चौदा तास भरले कीं गाडी कोठें तरी उभी केलीच पाहिजे, आणि एवढ्या अवजड गाड्यांस रात्रीं उभें राहण्यास पुरेशा जागा नाहींत. २००९ सालीं साउथ कॅरोलिनांत माल उतरविण्याची वेळ होईपर्यंत एका ओसाड पेट्रोलपंपावर थांबलेल्या जेसन नांवाच्या चालकाचा खून झाला. त्याच्या पत्नीनें नेटानें खटपट केली, आणि २०१२ सालीं गाड्यांच्या मुक्कामाच्या जागांविषयीं कायदा झाला. तो ‘जेसन्स लॉ’ याच नांवानें ओळखला जातो.

पूर्वीं सर्वच चालकांची अशी दशा नव्हती. १९३५ च्या कायद्यानें या वाहतुकीचे दर व मार्ग सरकारी आयोगाच्या नियंत्रणाखालीं आले. १९३८ सालीं कामगारांच्या किमान वेतनाचा व जादा तासांस दीडपट मजुरीचा कायदा झाला. पण ज्यांचे तास ठरविण्याचा अधिकार त्या आयोगास होता, त्यांस दीडपट मजुरीच्या कलमांतून वगळण्यांत आलें. चालक त्यांतच मोडतात. संघटना बळकट होती तोंपर्यंत या अपवादाची झळ फारशी लागली नाहीं. चालकांच्या संघाचें नांव ‘टीम्स्टर’. या शब्दाचा मूळ अर्थ बैलांची वा घोड्यांची जोडी हांकणारा असा आहे. १९६४ सालीं या संघानें चार लाखांहून अधिक चालकांसाठीं देशभर एकच करार घडवून आणला. पुढें १९८० सालीं अध्यक्ष कार्टर यांच्या सहीनें दरांचें व मार्गांचें नियंत्रण बहुतांशीं उठलें. नव्या कंपन्या निघाल्या, भाडें उतरलें, ग्राहकांस लाभ झाला, हें नाकारण्याचें कारण नाहीं. पण या चढाओढींत जें उतरलें त्यांत चालकाची मजुरीहि होती.

नवा मनुष्य या धंद्यांत कसा येतो, हेंहि पाहण्यासारखें आहे. कित्येक मोठ्या कंपन्या स्वतःच शिकवणीचे वर्ग चालवितात. कांहीं आठवड्यांत परवाना हातीं येतो. मात्र वर्षभर तेथेंच नोकरी करावी, मध्येंच सोडल्यास शिक्षणाचा खर्च भरून द्यावा, अशी अट असते. फेब्रुवारी २०२२ पासून नवशिक्यांच्या शिक्षणाचे सरकारी नियम लागू झाले. पण प्रत्यक्ष चक्राशीं किती तास बसलें पाहिजे, याची किमान मर्यादा त्यांत घातलेली नाहीं. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत गाडीच्या अपघाताचा विचार आला आहे. तेथें निर्णय असा कीं, हांकणारा कुशल असेल तर दंड त्यास. तो अकुशल असल्यामुळें अपघात झाला तर दंड गाडीच्या मालकास. अशा मनुष्याच्या हातीं गाडी दिली हा अपराध मालकाचा, हें तत्त्व पुरातन आहे, आणि आजहि तें विसरण्यासारखें नाहीं.

वर्ष दोन वर्षें झालीं कीं दुसरें आमिष पुढें येतें. ‘नोकर कशाला राहतोस? गाडीचा मालक हो!’ कंपनी आपलीच गाडी हप्त्यानें चालकास देते. हप्ता, डिझेल, विमा व दुरुस्ती हीं सर्व त्याच्या कमाईंतून कापून घेतलीं जातात, आणि माल कोणता न्यावयाचा हें मात्र कंपनीच ठरविते. एखाद्या आठवड्यांत मैल कमी मिळाले तर कापाकापी होऊन हातीं कांहींच उरत नाहीं. गाडी सोडावी तर भरलेले हप्ते बुडाले. धरलें तर चावतें, सोडलें तर पळतें! २०२१ च्या एका कायद्यान्वयें नेमलेल्या समितीनें जानेवारी २०२५ मधील अहवालांत असल्या व्यवहारांवर बंदी घालण्याची शिफारस केली.

या संबंधांत सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल शब्दशास्त्राची आवड असणारांस रुचेल. डॉमिनिक ऑलिव्हेरा या चालकानें न्यू प्राइम या कंपनीवर वेतनाची फिर्याद केली. कंपनी म्हणाली, करारान्वयें तो नोकर नसून स्वतंत्र ठेकेदार आहे, आणि तंटा लवादापुढेंच गेला पाहिजे. लवादाच्या १९२५ च्या कायद्यांत वाहतूक-कामगारांच्या नोकरीच्या करारांस अपवाद केलेला होता. तेव्हां ‘नोकरी’ या शब्दाचा १९२५ सालीं अर्थ काय होता, हें न्यायाधीशांनीं त्या काळचे कोश उघडून पाहिलें, आणि १५ जानेवारी २०१९ रोजीं एकमतानें ठरविलें कीं, त्या काळीं त्या शब्दांत कोणतेंहि काम येत असे, ठेकेदाराचेंहि. फिर्याद न्यायालयांत चालविण्याचा मार्ग मोकळा झाला. एका शब्दाच्या जुन्या अर्थानें गरिबाची बाजू सांवरली!

आतां घराकडे वळूं. तीन आठवडे बाहेर राहून दोन चार दिवस घरीं येणारा बाप मुलांस पाहुण्यासारखा वाटतो. आजारपण, शाळा, वृद्धांची शुश्रूषा, सारा भार एकट्या पत्नीवर पडतो. म्हणूनच मोठ्या पूर्ण-गाडी कंपन्यांत वर्षाकाठीं नोकरी सोडणारांचें प्रमाण कित्येक वर्षें शेकडा नव्वदांच्या आसपास राहिलें आहे. कंपन्यांचे पुढारी म्हणतात, चालक मिळत नाहींत. परंतु सरकारच्या कामगार-सांख्यिकी खात्याच्या मासिकांत २०१९ सालीं आलेल्या एका अभ्यासपूर्ण लेखाचा निष्कर्ष निराळा आहे: हा बाजार इतर धंद्यांच्या बाजारासारखाच चालतो, वेतन वाढलें तर माणसेंहि येतात.

धंद्यांत गुण नाहींत असें नव्हे. मोठ्या पदवीवांचून कुटुंब पोसण्याजोगी कमाई, डोक्यावर सतत उभा नसणारा वरिष्ठ आणि खुला रस्ता, यांच्या ओढीनें आजहि तरुण त्यांत येतात, व कित्येक जण त्यांत सुखानें जन्म काढतात. त्यांची मागणीहि अवाजवी नाहीं. धक्क्यावरील तास कामाचा धरावा, आणि १९३८ चा अपवाद काढून टाकावा, एवढेंच त्यांचें म्हणणें. त्या अपवादाच्या निरासाचा मसुदा २०२२ व २०२३ सालीं तेथील विधिमंडळापुढें आला. दोन्ही वेळां त्याचा कायदा होऊं शकला नाहीं. दुसऱ्याचा वेळ फुकट मिळूं लागला कीं मनुष्य तो जपून वापरीत नाहीं, हा अनुभव आपल्या घरांतहि येतो. त्या पांच तासांची किंमत ज्या दिवशीं वखारवाल्यास मोजावी लागेल, त्या दिवशीं धक्क्यावरील काम एका तासांत होऊं लागेल, याविषयीं आम्हांस तरी शंका वाटत नाहीं.