ऑडी ए१ की टोयोटा यारिस हायब्रिड?

ब्रिटनमध्ये छोटी गाडी शोधणाऱ्यांनो, एक गंमत बघा. २०१८ साली आलेली ऑडी ए१ ३० टीएफएसआय आणि २०२० ची यारिस हायब्रिड, दोघींची ताकद ११६ पीएस! स्वभाव मात्र पार वेगळे. यारिसमध्ये क्लच नाही, वेगळा स्टार्टर नाही. इंजिन आणि मोटर प्लॅनेटरी गिअरने जोडलेले. ब्रेक दाबला की वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत परत जाते, म्हणून शहरातल्या सिग्नलांवर ती पेट्रोल भरपूर वाचवते. मोटरवेवर हा फायदा घटतो. तिथे मला ए१ जास्त आवडते, शिवाय डिकी ३३५ लिटरची, यारिसची २८६. रोजचं फिरणं शहरातच असेल तर डोळे झाकून यारिस घ्या. फक्त आधी मागच्या सीटवर बसून बघा, जागा बेताचीच आहे.