नाल नसलेल्या घोड्याचे खूर



भाकरी का करपली आणि घोडा का अडला, या दोन प्रश्नांना आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या एकच उत्तर देण्यात येते : न फिरविल्यामुळे. खुरांच्या बाबतीत हे उत्तर अक्षरशः खरे आहे. खूर आपल्या नखांप्रमाणे सतत वाढतो. महिन्याकाठी साधारणपणे ६ ते १० मिलिमीटर. माळरानावर दिवसभर चरत हिंडणाऱ्या घोड्याचा नालबंद म्हणजे जमीनच. जितके वाढते तितके ती झिजविते. तबेल्यात बांधलेल्या घोड्याचे खूर मात्र वाढतात, पण पुरेसे झिजत नाहीत. जमिनीचे हे राहून गेलेले काम माणसाने सुरी व कानस घेऊन पुरे करावयाचे असते.

घोडा नालेवाचून चालू शकतो ही कल्पना नवी नव्हे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीक सेनानी झेनोफन याने अश्वारोहणावर ग्रंथ लिहिला. त्यात नाल ठोकण्याचा उल्लेख नाही. उलट आवारात गोटे पसरून घोड्याला त्यांवर उभे करावे, म्हणजे खूर टणक होतात, असा सल्ला आहे.

हत्यार हाती घेण्यापूर्वी घोड्याला सपाट, कठीण जमिनीवर चालवून बाजूने पाहावे. निरोगी पायाची टाच किंचित आधी टेकते, अथवा सारा खूर एकदम टेकतो. घोडा खुराचे टोक आधी टेकवीत असेल, तर टाचेत दुखत असण्याचा संभव असतो. मग त्याला उभा करून खुराची पुढची रेषा पाहावी. खुरावरचा पाय ज्या तिरकसपणे खाली उतरतो, साधारण त्याच तिरकसपणे ती पुढे जावी. टोक लांबले की ही रेषा मोडते. मात्र एकच ठराविक कोन सर्व घोड्यांना लावू नये. खुरावर आडवी वलये असून ती टाचेकडे रुंद होत गेलेली दिसली, तर पूर्वी कधी तरी आतील पापुद्र्यांना सूज आली असावी, असा संशय घ्यावा.

यानंतर पाय उचलून, चिखल काढून तळ न्याहाळावा. बाहेरची जाड कड म्हणजे खुराची भिंत. तिला संवेदना नसते. तिच्या आत फिकट पिवळसर रेघ असते. तिला पांढरी रेषा म्हणतात. भिंत आणि तळवा तेथे जोडलेले असतात. ही रेषा रुंदावली, अगर तिच्यात माती शिरू लागली, तर सांधा सैल होत आहे असे समजावे. मध्यभागी रबरासारखा चिवट त्रिकोण असतो. तो जमिनीला टेकून धक्का झेलण्यास मदत करतो. त्याच्या दोन्ही बाजूंच्या खाचांतून काळा, दुर्गंधीयुक्त स्राव येत असेल, तर तो भाग कुजत आहे. छाटणीहून स्वच्छता व कोरडी जागा यांची गरज अधिक.

याच खाचा आणखी एक गोष्ट सांगतात. त्रिकोणाच्या टोकाजवळ त्या खोल असतील, तर तळवा पुरेसा जाड आहे. उथळ असतील, तर तो पातळ आहे. पातळ तळव्याला सुरी लावू नये. अंगठ्याने दाबताच जो तळवा लवतो, किंवा ज्यावर गुलाबी छटा दिसते, तेथे हात तत्काळ थांबवावा.

आता प्रत्यक्ष छाटणी. तळव्यावरील भुग्यासारखा सुटणारा मृत थर तेवढा खरवडून काढावा. खालचा टणक थर घोड्याचा स्वतःचा जोडा होय. त्याला हात लावू नये. तळव्यापेक्षा बरीच वर आलेली भिंत पकडीने थोडी थोडी कापून कानशीने जवळजवळ तळव्याच्या पातळीला आणावी. टाचा दोन्ही बाजूंनी सारख्या उंचीच्या कराव्यात. त्रिकोणाच्या केवळ लोंबणाऱ्या चिंध्या काढाव्यात. शेवटी भिंतीची बाहेरची धार गोलसर करावी. धारदार कड दगडावर आपटून फुटते व चीर वर चढू लागते.

एकाच बैठकीत खूर सुबक करून दाखविण्याचा मोह येथे मोठा असतो, आणि घोडा लंगडा होतो तो बहुधा या मोहापायी. केसांच्या कडेपासून निघालेली भिंत पुढच्या टोकाशी जमिनीपर्यंत पोचण्यास नऊ ते बारा महिने लागतात. म्हणून विद्रूप झालेला खूर दर चार ते सहा आठवड्यांनी थोडा थोडा सुधारावा. कमी कापले तर पुढील खेपेस कापता येते. अधिक कापलेले परत जोडता येत नाही.

प्रत्येक घोडा नालेवाचून राहू शकेलच असे नाही. डांबरी रस्त्यावर रोज ओझे ओढणाऱ्या घोड्याचे खूर वाढीहून अधिक झिजत असतील, तर त्याला संरक्षण हवेच. नुकतीच नाल काढलेल्या घोड्याला काही आठवडे मऊ जमीन द्यावी. खूर गरम लागत असतील, खुरावरच्या सांध्यामागील नाडी जोराने उडत असेल, किंवा घोडा भार मागे टाकून उभा राहत असेल, तर कानस बाजूला ठेवून पशुवैद्यांना बोलवावे. आतील पापुद्र्यांची सूज ही घातक व्याधी असून धान्याचा अतिरेक हे तिचे एक परिचित कारण आहे.

आपले काम नीट झाले की नाही, याचा निवाडा घोडाच करतो. छाटणीच्या दुसऱ्या दिवशी तो आदल्या दिवसाइतका, किंवा त्याहून मोकळा चालला, तर हात बरोबर चालला. खड्यावर तो चाचपडत पाय टाकू लागला, तर अधिक कापले गेले. मुका प्राणी तक्रार सांगू शकत नाही. ती त्याच्या पावलांत वाचावी लागते.